गब्दुल झोपतो तेव्हा

सिनेमा सुरू होऊन जेमतेम बारा मिनिटं झाली होती आणि पडद्यावरच्या सशाने चौथ्यांदा पादून दाखवलं, तेव्हा आत्याने डोळे मिटून घेतले. अख्खं थिएटर खिदळत होतं. पुढच्या रांगेतला एक बाप तर मांड्या थोपटून हसत होता, जणू असा विनोद जगाच्या पाठीवर पहिल्यांदाच झाला. आत्याच्या मनात आलं, उठावं, हातातलं पॉपकॉर्नचं खोकं त्या बापाच्या टकलावर पालथं घालावं आणि सरळ घर गाठावं. पण ती हलली नाही. तिने सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरली होती आणि ती संध्याकाळपर्यंत सुटू द्यायची नव्हती.

आत्या म्हणजे जनावरांची डॉक्टर. मोठी जनावरं नाहीत, लहान जीव: मांजरं, कासवं, पोपट आणि ससे. चौदा वर्षं ती एका अरुंद गल्लीतल्या दोन खोल्यांत दवाखाना चालवत होती. हाताला चांगली, पण जिभेला हाड नाही, अशी तिची ख्याती. मांजराला नुसता दूधभात घालून फुगवणाऱ्या बायकांना ती तोंडावर सांगायची, ‘तुमचे लाड तुमच्याजवळ ठेवा, त्याचं लिव्हर गेलंय.’ बायका रडत बाहेर पडायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायच्या, कारण मांजर बरं झालेलं असायचं.

अशा बाईला ‘गब्दुल’चा दुसरा भाग बघायला बसवणं म्हणजे छळच. पहिला भाग लागला होता तीन वर्षांपूर्वी. गब्दुल नावाचा एक गोलमटोल ससा, त्याला कुटुंब सापडतं, तो गातो, नाचतो, गाजरं हाणतो. बस, इतकंच. पण सिनेमा लागला आणि पंधरा दिवसांत दवाखान्यात सशांची रीघ लागली. पर्समधून, दप्तरातून, एक तर जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणलेला. एक गृहस्थ म्हणाले, ‘डॉक्टर, हा गाजर खात नाही, यात काही बिघाड आहे का?’ आत्या म्हणाली, ‘बिघाड आहे, पण त्याच्यात नाही.’ सशाला गवत लागतं, नुसतं गवत, ढीगभर गवत. हे तिने इतक्या वेळा सांगितलं की तिचा घसा बसला.

मग वर्ष उलटलं आणि पोरांना ससे नकोसे झाले. सकाळी दवाखाना उघडायला जावं तर दारात खोकी. कधी एक ससा, कधी तीन. एका खोक्यावर कोणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रेमाने सांभाळा.’ आत्याने ते खोकं पायाखाली घालून चेचलं होतं. अर्थात ससा बाहेर काढल्यावर.

असल्याच एका खोक्यात साहेब सापडला होता. मागचा पाय मोडलेला, अंगावर लोकर कमी आणि माती जास्त. तिने पाय बांधला, दीड महिना जवळ ठेवला आणि मग भावाच्या मुलीला, भिंगरीला दिला. भिंगरी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. साहेब हे नावही तिनेच ठेवलं, कारण तो पुढचे दोन्ही पाय जुळवून असा गंभीर बसायचा की आता सही करेल की काय असं वाटावं.

तर मग आत्याची ही मिठाची गुळणी कशासाठी? तर आठ महिन्यांपूर्वी भिंगरीचा सातवा वाढदिवस झाला. घरात दहा-बारा पोरं. त्यातल्या एका मुलीने भेट म्हणून काय आणावं? पिंजऱ्यात रिबीन बांधलेला जिवंत ससा. आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. तिने तिथल्या तिथे पोरांना गोल बसवलं आणि सिनेमातल्या सशांचं पुढे काय होतं ते सांगितलं. एकदा एका खोक्यात सापडलेल्या पाच पिल्लांपैकी तीन मेलेली होती, हेही सांगितलं. कशी मेलेली होती, तेही. दोन मुली हमसून हमसून रडल्या, एकाला उलटी झाली आणि पाहुणे केक न खाताच गेले.

मग दादाचं आणि तिचं जे भांडण झालं ते विचारू नका. दादा तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, एरवी शांत माणूस. पण त्या दिवशी तो म्हणाला, ‘स्वतःला मूल नाही ना, म्हणून तुला कळत नाही.’ आणि ती म्हणाली, ‘तुला आहे, तरी कुठे कळतंय?’ त्यानंतर आठ महिने तिने त्या घराची पायरी चढली नाही. भिंगरीशी बोलणं म्हणजे फोनवर दोन मिनिटं, तेही वहिनीच्या कृपेने.

आणि या रविवारी सकाळीच वहिनीचा फोन आला. ‘भिंगरीने हट्ट धरलाय, गब्दुल बघायला आत्याच हवी. तू ये. दिवसभर राहा. पण आधी सांगून ठेवते, सिनेमाबद्दल एक वाकडा शब्द नाही आणि सशांबद्दल तर अजिबातच नाही. हे नीट पार पडलं तर दादाही म्हणतोय, दर रविवारी येत जाऊ दे. नाहीतर मग मला मध्ये घालू नकोस.’ आत्या ‘बरं’ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हातातला टॉवेल पिळून काढलाय, आणि तो कोरडाच होता.

तेव्हा ती बसली होती. उजवीकडे भिंगरी, तिच्या मांडीवर बाहेरच्या दुकानातून घेतलेला कापडी गब्दुल. भिंगरीच्या पलीकडे वहिनी, तिच्या पलीकडे दादा. दादा अधूनमधून वाकून आत्याच्या तोंडाकडे बघत होता, दुधावर लक्ष ठेवावं तसा.

आणि सिनेमा? काय सांगावं त्या सिनेमाचं! पहिल्या भागात निदान एक गोष्ट तरी होती. इथे गोष्ट संपली होती आणि फक्त उत्साह उरला होता. गब्दुल स्कूटर चालवतो, गब्दुल पतंगाला लटकून शहर बघतो, गब्दुलला आंघोळ घालतात आणि तो फेसातून शिट्टी वाजवतो. आंघोळ! आत्याच्या दवाखान्यात आंघोळ घातलेले ससे थरथरत, अर्धमेले होऊन येत. तिने ओठ चावले. मग एक म्हातारी कासवीण आली आणि घर म्हणजे काय, माया म्हणजे काय यावर डोळ्यांत पाणी आणून बोलली. मागे व्हायोलिन सुरू झालं. म्हणजे आता रडायचं होतं. आत्याच्या मागच्या रांगेत कोणीतरी खरंच नाक ओढलं आणि तिला शिसारी आली.

कोल्ह्याचं तर विचारूच नका. अर्धा सिनेमा गब्दुलला खायला टपलेला कोल्हा एका गाण्यात सुधारला. एका गाण्यात! लगेच गाजर खाऊ लागला आणि सशांच्या पिल्लांना पाठीवर बसवून फेऱ्या मारू लागला. तेच गाणं एव्हाना तिसऱ्यांदा वाजत होतं. आत्याला वाटलं, हे ज्यांनी बनवलं त्यांनी आयुष्यात ससा हातात धरला नसेलच, पण पोरंही कधी जवळून पाहिली नसतील. पोरांना काय वाट्टेल ते चारा, ती गिळतात, असा हिशोब. गोड, चिकट आणि पोटात गेल्यावर मळमळणारं.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. गब्दुल दमलाय, घाबरलाय, त्याला झोप येत नाही. मग सिनेमातली छोटी मुलगी त्याला मांडीवर घेते, अलगद उताणा करते आणि पोटावरून हात फिरवते. ‘ढगांची गादी, ढगांची उशी,’ असं गाणं लागतं. गब्दुलचे चारही पाय वर, डोळे मिटलेले, तोंडावर हसू. घोरतोसुद्धा. थिएटरभर ‘आऽऽ’ असा उसासा उठला. आणि काळोखात आत्याला दिसलं की पोरांनी आपापले कापडी ससे मांडीवर उताणे केलेत आणि सगळ्यांचे हात एकदम फिरतायत.

पण उताणा केलेला ससा झोपत नाही. त्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी धरलंय आणि आता खाणार. पळता येत नाही तेव्हा तो मेल्याचं सोंग घेतो. डोळे टक्क उघडे, अंग ताठ, आत काळीज नुसतं धडधडत असतं. उद्यापासून गावभरची पोरं घरातल्या सशांना उताणं करून गाणी म्हणणार आणि म्हणणार, बघा किती सुखात आहे! नालायक लोक, हरामखोर लोक, आत्या मनात म्हणाली. भीतीचं अंगाईगीत करून विकतात. तिने खुर्चीचा हात असा आवळला की बोटं दुखली. पण शब्द नाही काढला.

तेवढ्यात भिंगरी तिच्या कानाशी आली. तोंडाला लोण्याचा वास येत होता.

‘आत्या, यांनी तुझी कॉपी केली.’

‘काय?’

‘हे तूच मला आधी शिकवलंस. साहेबला आणला होता तेव्हा. मी रोज शाळेतून आले की त्याला असंच झोपवते. माझ्या वर्गात ज्यांच्याकडे ससे आहेत ना, त्यांना पण शिकवलं. मी सांगितलं, माझी आत्या डॉक्टर आहे.’

आत्याला आधी काही आठवेना. मग सगळं आठवलं. साहेबला न्यायला भिंगरी आली तो दिवस. बाहेर बाकावर चार माणसं ताटकळत होती, एका मांजराला सलाईन लागलं होतं आणि साहेबची नखं कापायची राहिली होती. तिने त्याला फटकन मांडीवर उताणा केला. नखं कापायची ही जुनी युक्ती. तिच्या मास्तरांनी तिला शिकवलेली, सगळेच करायचे: ससा गार पडतो, दोन मिनिटांत काम होतं. पुढे तिने ती सोडली, टॉवेलात गुंडाळून कापू लागली, येणाऱ्या प्रत्येकाला बजावूही लागली. पण त्या दिवशी ती घाईत होती. साहेब ताठ झाला तशी भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. ‘आत्या, मेला का गं?’ आणि आत्या नखं कापता कापता म्हणाली होती, ‘छे गं, झोपला. आवडतं त्याला असं.’

पुढचा सिनेमा तिने पाहिला नाही. पडदा समोर होता, रंग हलत होते, गाणं चौथ्यांदा आणि पाचव्यांदा वाजलं. तिला किळस आली होती ती आता स्वतःची. सिनेमावाल्यांना निदान माहीत तरी नसेल. आपल्याला माहीत होतं. दीड-दोन वर्षं, शाळा सुटली की रोज, हे पोर त्या मुक्या जिवाला मायेने मरणाची भीती दाखवत होतं, आणि तेही आपलं नाव घेऊन. दुसऱ्यांच्या पोरांना गोल बसवून खरं सांगायला ही आत्या पुढे, आणि आपल्या पोरीला मात्र थाप.

बाहेर उजेडात आल्यावर दादाने विचारलंच. ‘मग? कसा वाटला?’

वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. भिंगरी मान वर करून बघत होती.

‘छान होता,’ आत्या म्हणाली.

दादा हसला, अगदी मनापासून. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘बघ, जमतं की तुला!’ आणि रस्ताभर त्याने पुढच्या रविवारचे बेत केले. बागेत जाऊ, तू लवकर ये, जेवायलाच ये. आठ महिन्यांत आत्याला कोणी जेवायला ये म्हटलं नव्हतं. तिने ठरवलं, आज गप्प बसायचं. पुढच्या रविवारी, नाहीतर त्याच्या पुढच्या, भिंगरीला हळूच बाजूला घेऊन सांगू, आता नवी पद्धत आली आहे म्हणून. कोणाला दुखवायला नको, साहेबचीही सुटका. इतका सोपा मार्ग होता.

घरी आल्या आल्या भिंगरीने बूट भिरकावले आणि साहेबला त्याच्या कोपऱ्यातून उचलून आणलं. पलंगावर मांडी घालून बसली. ‘आत्या बघ हं, मी तुझ्यापेक्षा लवकर झोपवते.’ तिने त्याला उताणा केला आणि सिनेमातलं गाणं म्हणायला लागली. दादाने फोन काढून शूटिंग सुरू केलं. वहिनी दाराला टेकून कौतुकाने म्हणाली, ‘किती गुणी आहे गं! जराही त्रास देत नाही.’

आत्याने पाहिलं. डोळे टक्क उघडे. नाक, जे सशाचं कधी थांबत नाही, ते थांबलेलं. आणि मोडून सांधलेला पाय बारीक थरथरत होता. भिंगरीचा हात पोटावरून फिरत होता, किती मऊ, किती सावकाश! पुढच्या रविवारपर्यंत अजून सात वेळा. आत्याने मनात मोजलं आणि तिचं तिलाच ऐकवेना.

‘भिंगरे, त्याला सरळ कर,’ ती म्हणाली.

‘थांब ना, आत्ताच झोपलाय.’

‘अगं,’ वहिनी म्हणाली, ‘आपलं काय ठरलं होतं?’

‘ठरलं होतं. नंतर हाकलून द्या मला. सरळ कर बाळा त्याला. हळू. पाय गादीला टेकू देत.’

भिंगरीने त्याला सरळ केलं. साहेब क्षणभर तसाच बसला आणि मग जो सुटला तो थेट पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात.

‘तो झोपत नाही,’ आत्या म्हणाली. ‘तो घाबरतो. त्याला वाटतं कोणीतरी त्याला खाणार. पळता येत नाही म्हणून मेल्यासारखा पडून राहतो.’

‘पण तू म्हणालीस झोपतो.’

‘हो.’

‘तू म्हणालीस, त्याला आवडतं.’

‘हो. म्हणाले.’

भिंगरीने कपाळाला आठी घातली. ‘तेव्हा तुला माहीत नव्हतं?’

आता नाही म्हणायला काय लागत होतं? दादाचा चेहरासुद्धा जणू तेच सांगत होता, म्हण बाई नाही, आणि संपव. डॉक्टरही चुकतात, कोणी काही म्हटलं नसतं.

‘माहीत होतं,’ आत्या म्हणाली. ‘मी खोटं बोलले. मला घाई होती. खरं सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि तुला समजवायला मला वेळ नव्हता.’

भिंगरीचा खालचा ओठ वाकडा झाला, पण रडू आलं नाही. ती पलंगावरून उतरली, जमिनीवर पोटावर पालथी पडली आणि पलंगाखाली बघू लागली.

दादाने फोन खाली केला. ‘झालं समाधान?’ त्याचा आवाज चढला. ‘एक दिवस! एक दिवस गप्प बसवत नाही तुला! त्या वाढदिवसाला तेच, आजही तेच. पोरीचा आनंद बघवतच नाही ना तुझ्याच्याने?’

‘दादा, अरे तो ससा...’

‘खड्ड्यात गेला ससा! माझी मुलगी दिसत नाही का तुला?’

‘बाबा,’ जमिनीवरून आवाज आला, ‘ओरडू नकोस ना. तो ऐकतोय.’

दादा थांबला. आत्याने खुर्चीवरची पिशवी उचलली. आता जायचंच होतं, आणि या वेळी आठ महिन्यांवर भागणार नव्हतं. दारापर्यंत ती पोचली असेल नसेल, तेवढ्यात भिंगरी पुन्हा बोलली. वळून नाही, पलंगाखालीच बघत.

‘मी पण नव्हते झोपले.’

‘कधी गं?’ वहिनीने विचारलं.

‘वाढदिवसाला. बाबा आणि आत्या भांडत होते तेव्हा. मी सोफ्यावर होते. तू म्हणालीस, बरं झालं, पोर झोपली, तिने काही ऐकलं नाही.’ ती जरा थांबली. ‘मी सगळं ऐकलं. मला हलताच येत नव्हतं.’

दादाच्या हातातल्या फोनवर अजून शूटिंग चालू होतं; त्याने ते बंद केलं. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती धावत पुढे झाली आणि भिंगरीला उचलून पोटाशी धरायला वाकली.

‘नको वहिनी,’ आत्या म्हणाली. ‘उचलू नकोस. तिची तिला येऊ दे.’

वहिनीचे हात अधांतरीच राहिले. मग ती होती तिथेच, लादीवर बसली. आत्यानेही पिशवी ठेवली आणि दाराशी बसली. दादा बराच वेळ उभा होता. मग गुडघ्यांवर हात टेकत तोही खाली बसला, भिंगरीपासून चांगला चार हात लांब.

‘किती वेळ बसायचं असं?’ त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

‘ती येईपर्यंत,’ आत्या म्हणाली.